स्नोबोर्डपटू आणि स्की गस्ती पथके : बर्फाळ उतारांवरील नियमांचा वाद

बर्फाच्छादित डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या खेळांमध्ये गेली चार दशके एक वाद सुरू आहे. उतारांवरील सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारी स्की गस्ती पथके एका बाजूला आहेत, तर एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून उतार कापणारे स्नोबोर्डपटू दुसऱ्या बाजूला. वेग किती असावा, कोठे थांबावे, कोणता दोर ओलांडू नये, अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांवरून हा वाद उद्भवतो. तथापि, त्याच्या मुळाशी दोन निराळे प्रश्न आहेत. कोणता नियम जीव वाचवण्यासाठी आहे, हा पहिला. आणि कोणता नियम केवळ नवागताला दूर ठेवण्यासाठी आहे, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली, तेथे वाद चिघळला. ज्या केंद्रांनी ते वेगळे केले, तेथे तो बऱ्याच अंशी निवळला.

हा वाद मुख्यत्वे अमेरिकेत घडला. मात्र, काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडमधील औली येथे हे खेळ रुजत असल्याने भारतीय वाचकांसाठीही त्याची पार्श्वभूमी जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

गस्ती पथकांची स्थापना आणि कार्य

अमेरिकेतील स्की गस्तीची सुरुवात एका अपघातातून झाली. चार्ल्स मायनॉट डोल हे विमा व्यावसायिक १९३६ साली व्हरमॉंट राज्यातील स्टो येथे स्की करताना पडले आणि त्यांच्या घोट्याचे हाड मोडले. त्या काळी डोंगरावर मदतीची कोणतीही व्यवस्था नव्हती. मित्रांनी त्यांना छपराच्या पत्र्यावर निजवून खाली आणले. त्याच वर्षी त्यांचे मित्र फ्रँक एडसन यांचा एका स्की शर्यतीतील अपघातात मृत्यू झाला. या दोन घटनांनंतर डोल यांनी सुरक्षेच्या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९३८ साली राष्ट्रीय स्की गस्त ही संघटना अस्तित्वात आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनसाठी सैनिक निवडण्याचे कामही या संघटनेने केले. १९८० साली अमेरिकी काँग्रेसने तिला संघराज्यीय सनद दिली.

पथकातील कर्मचाऱ्यांचा दिवस पर्यटकांच्या आधी सुरू होतो. रात्री पडलेल्या बर्फाची पाहणी करणे, हिमस्खलनाचा धोका असलेल्या ठिकाणी स्फोटके वापरून सैल बर्फ मुद्दाम खाली पाडणे, खडक व खड्ड्यांभोवती खुणेचे बांबू रोवणे आणि असुरक्षित भाग दोर बांधून बंद करणे, ही कामे लिफ्ट सुरू होण्यापूर्वी उरकावी लागतात. दिवसभर जखमींवर प्रथमोपचार करून त्यांना घसरगाडीवरून खाली आणले जाते. संध्याकाळी अखेरची फेरी मारून डोंगरावर कोणी मागे राहिले नाही, याची खातरजमा केली जाते. पथकांमध्ये पगारी कर्मचाऱ्यांबरोबर स्वयंसेवकही मोठ्या संख्येने असतात.

अमेरिकेतील गस्ती कर्मचारी हे पोलीस नाहीत, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. उतारावरील नियम केंद्राचे व्यवस्थापन ठरवते आणि पथक त्यांची अंमलबजावणी करते. पथकाच्या हातातील प्रमुख साधन म्हणजे लिफ्टचा पास काढून घेणे. प्रवेशिका विकत घेताना ग्राहक नियम पाळण्याची हमी देतो आणि त्या कराराच्या आधारेच ही कारवाई होते. त्यामुळे पथकाचा अधिकार बराचसा लोकांच्या विश्वासावर उभा असतो. हा विश्वास डळमळला की, साधी सूचनाही संघर्षाचे कारण ठरते.

स्नोबोर्डचे आगमन

मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी १९६५ च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. ‘स्नर्फर’ या नावाने ती पुढे खेळणे म्हणून विकली गेली. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ साली व्हरमॉंटमध्ये अशा फळ्यांच्या निर्मितीचा व्यवसाय सुरू केला. टॉम सिम्स आणि दिमित्रीये मिलोविच यांनीही आपापल्या परीने फळीत सुधारणा केल्या.

प्रारंभीच्या फळ्यांना पोलादी कडा नव्हत्या. त्यामुळे कठीण बर्फावर त्या वळवणे आणि थांबवणे अवघड जात असे. बहुतेक स्की केंद्रांनी या फळ्यांना मज्जाव केला, त्यामागे सुरक्षा आणि विम्याची जोखीम ही कारणे होती. त्या काळाचा विचार करता ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाहीत. व्हरमॉंटमधील स्ट्रॅटन माउंटन या केंद्राने १९८३ साली स्नोबोर्डला प्रवेश दिला आणि तसे करणाऱ्या पहिल्या मोठ्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी स्नोबोर्डपटूला आधी चाचणी द्यावी लागे. वळणे व थांबणे जमते, हे सिद्ध झाल्यावरच त्याला लिफ्टवर बसू दिले जाई. स्कीपटूला मात्र अशी कोणतीही परीक्षा नव्हती. नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, ही भावना तेव्हापासून रुजली.

पुढे पोलादी कडा आल्या, पायबंध सुधारले आणि फळी स्कीइतकीच नियंत्रणक्षम झाली. बंदीचे तांत्रिक कारण त्याबरोबर दुर्बळ झाले. तथापि, बंदी अनेक ठिकाणी कायम राहिली. तरुण स्नोबोर्डपटूंचा ढगळ पोशाख, स्केटबोर्डच्या संस्कृतीतून आलेली भाषा आणि बेफिकीर वागणूक जुन्या स्कीपटूंना खटकत होती. उलटपक्षी, आपल्याला गुन्हेगारासारखे वागवले जाते, अशी स्नोबोर्डपटूंची तक्रार होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डचा हिवाळी ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. एका पिढीपूर्वी डोंगरावरून हाकलला गेलेला हा खेळ अशा रीतीने राजमान्य झाला.

वादाचे प्रत्यक्ष मुद्दे

स्कीपटू उतारावर तोंड समोर करून उभा असतो, त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंचे दिसते. स्नोबोर्डपटू आडवा उभा असतो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याचे तोंड उताराच्या उजवीकडे व पाठ डावीकडे असते. टाचेच्या कडेवर डावीकडे वळताना मागून येणारी व्यक्ती त्याला दिसत नाही. वाहनचालकाला आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यासारखाच हा प्रकार आहे. मागून येणाऱ्या स्कीपटूला या वळणाचा अंदाज आला नाही, तर टक्कर होते आणि दोघेही एकमेकांना दोष देतात.

थांबण्यावरूनही खटके उडतात. लिफ्टवर चढण्यासाठी स्नोबोर्डपटूला मागचा पाय फळीवरून सोडवावा लागतो आणि वर उतरल्यावर तो पुन्हा बांधावा लागतो. त्यासाठी अनेकजण बर्फावर बसतात. लिफ्टच्या तोंडाशी किंवा उंचवट्याच्या पलीकडे असे टोळके बसले असेल, तर वरून येणाऱ्यास ते अखेरच्या क्षणी दिसते. पथकातील कर्मचाऱ्यांना दिवसातून अनेक वेळा ‘येथे बसू नका’ असे सांगावे लागते आणि वादाच्या बहुतांश ठिणग्या अशाच साध्या प्रसंगातून पडतात.

फळी आडवी धरून घसरत उतरल्याने वरचा मऊ बर्फ खरवडला जातो, ही स्कीपटूंची आणखी एक तक्रार. नवखे स्नोबोर्डपटू अवघड उतारावर असे करतात, हे खरे आहे. पण नवखे स्कीपटूही तेथे तसाच बर्फ खरवडतात. शिवाय, डोंगराच्या कडेने जाणाऱ्या लांब, सपाट वाटांवर हाती काठ्या नसल्याने स्नोबोर्डपटू अडकतो आणि वाट अडवतो, असेही सांगितले जाते.

दुखापतींचे स्वरूप दोन्ही खेळांत वेगळे आहे. स्नोबोर्डपटू पडताना हात टेकतो, त्यामुळे त्याच्या मनगटाला इजा होण्याचे प्रमाण जास्त असते. स्कीपटूच्या बाबतीत गुडघ्याचे स्नायुबंध अधिक दुखावतात. परंतु दुसऱ्याच्या जिवाला होणारा धोका साधनावरून ठरत नाही, हे कोलोरॅडो राज्यातील व्हेल येथील एका प्रकरणाने दाखवून दिले. तेथे १९९७ साली भरधाव स्कीपटूने दिलेल्या धडकेत एका व्यक्तीचा मृत्यू झाला. अतिवेगाने व ताबा सोडून स्की करणे हे फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आणि त्याच वर्षी ज्युरीने आरोपीस निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवले. आरोपी स्नोबोर्डपटू नव्हता, तर स्कीपटू होता. एवढेच नव्हे, तर तो तेथील लिफ्ट कर्मचारीही होता.

दोर ओलांडण्याचा प्रश्न

सर्वांत गंभीर संघर्ष बंद भागात शिरण्यावरून होतो. ताज्या, अस्पर्श बर्फावर पहिली रेघ ओढण्याचे आकर्षण स्नोबोर्डपटूंमध्ये प्रबळ असते. रुंद फळी खोल भुसभुशीत बर्फावर सहज तरंगते, हे त्याचे कारण. दोराखालून वाकून पलीकडे जाणे त्यामुळे काहींना साहस वाटते. अर्थात, दोर ओलांडणाऱ्यांत स्कीपटूही कमी नसतात.

पथकाच्या दृष्टीने दोराचा अर्थ वेगळा आहे. त्यापलीकडील बर्फाचे थर अद्याप तपासलेले नसतात किंवा तेथे स्फोटकांचे काम सुरू असते. एका व्यक्तीच्या वजनाने सुटलेला बर्फ खाली असलेल्या इतरांवर कोसळू शकतो. अडकलेल्याच्या शोधासाठी पथकालाच त्या असुरक्षित भागात उतरावे लागते. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटन येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये हिमस्खलन प्रतिबंधाचे काम करताना पथकातील दोन कर्मचारी बर्फाखाली सापडले आणि त्यांपैकी एकीचा पुढे मृत्यू झाला. त्याच राज्यातील पॅलिसेड्स टाहो केंद्रात जानेवारी २०२४ मध्ये खुल्या हद्दीत हिमस्खलन होऊन एकाचा बळी गेला होता. पूर्ण दक्षता घेतलेल्या भागातही जोखीम शून्य नसते, मग बंद भागाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

कोलोरॅडोसारख्या राज्यांत बंद उतारावर शिरणे कायद्याने दंडनीय आहे. १९७९ च्या स्की सुरक्षा कायद्यात हे कलम असून टक्कर टाळण्याची प्राथमिक जबाबदारी वरून येणाऱ्यावर टाकलेली आहे. स्कीपटूप्रमाणेच स्नोबोर्डपटूसही तो लागू होतो.

सर्वांसाठी एकच संहिता

अमेरिकेतील स्की केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेची जबाबदारीविषयक संहिता १९६० च्या दशकापासून प्रचारात आहे. २०२२ साली तिचा विस्तार करून दहा कलमे करण्यात आली. नेहमी ताबा राखावा. पुढे किंवा खाली असलेल्यास अग्रक्रम द्यावा. वरून दिसेल अशाच जागी आणि इतरांची वाट न अडवता थांबावे. निघताना वर पाहावे. आपले साधन सुटून खाली जाऊ देऊ नये. फलक व इशारे पाळावेत. बंद भागात जाऊ नये. लिफ्टवर सुरक्षितपणे चढता-उतरता यावे. नशेत उतारावर येऊ नये. आणि टक्कर झाल्यास आपला संपर्क तपशील एकमेकांना व केंद्राच्या कर्मचाऱ्यास द्यावा, असा तिचा आशय आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचेही दहा नियम असून ते १९६७ साली स्वीकारण्यात आले. युरोपातील न्यायालये अपघाताची जबाबदारी ठरवताना त्यांचा आधार घेतात.

या संहितांमध्ये साधनावरून भेद केलेला नाही, हे महत्त्वाचे. ‘स्नोबोर्डपटूंनी असे करू नये’ या भाषेऐवजी ‘उतारावरील प्रत्येकाने असे करावे’ ही भाषा त्यात आहे. पथकातील कर्मचारी ज्या वेळी एखाद्याला थांबवतो, त्या वेळी त्याच्यामागे अशी सर्वमान्य संहिता असेल, तर कारवाईला पूर्वग्रहाचा वास येत नाही.

बंदी, निषेध आणि न्यायालय

कोलोरॅडोतील ॲस्पेन माउंटनने १ एप्रिल २००१ रोजी आणि न्यू मेक्सिकोतील ताओसने मार्च २००८ मध्ये स्नोबोर्डवरील बंदी उठवली. युटा राज्यातील आल्टा व डीअर व्हॅली आणि व्हरमॉंटमधील मॅड रिव्हर ग्लेन या तीन केंद्रांत मात्र ती आजही कायम आहे. मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्कीपटूंच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे.

ताओसची बंदी उठण्यापूर्वी, २००७ च्या हिवाळ्यात, बर्टन कंपनीने या चारही केंद्रांत चोरून स्नोबोर्ड करण्याच्या उत्कृष्ट चित्रफितीस ५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. समर्थकांच्या मते तो भेदभावाविरुद्धचा निषेध होता. प्रत्यक्षात मात्र त्याचा भार उतारावरील कर्मचाऱ्यांवर पडला. धोरण मालकांचे होते. पाठलाग करण्याची वेळ पथकावर आली.

जानेवारी २०१४ मध्ये चार स्नोबोर्डपटू व ‘वॉसॅच इक्वॅलिटी’ या संस्थेने आल्टा केंद्र आणि अमेरिकेची वन सेवा यांच्याविरुद्ध संघराज्यीय न्यायालयात दावा दाखल केला. आल्टाचे बहुतांश क्षेत्र सार्वजनिक वनभूमीवर असून वन सेवेच्या परवान्यावर ते चालते. सार्वजनिक भूमीवर एका गटाला केवळ आकसापोटी मज्जाव करणे हा राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग आहे, असा वादींचा युक्तिवाद होता. जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दावा फेटाळला. एप्रिल २०१६ मध्ये दहाव्या मंडल अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बंदीचा निर्णय खासगी कंपनीचा आहे, शासनाचा नव्हे. त्यामुळे घटनेतील हे तत्त्व येथे लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बंदी न्याय्य आहे, असा निर्वाळा अपील न्यायालयाने दिला नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

तडजोडीचे मार्ग

ज्या केंद्रांत संघर्ष निवळला, तेथे साधारणतः तीन गोष्टी घडल्या. पहिली, स्नोबोर्डपटूंना गस्ती पथकांत सामावून घेण्यात आले. जखमीची घसरगाडी फळीवरून हाताळण्याचे कौशल्य त्यांनी आत्मसात केले आणि समोरच्या तरुणाला त्याच्याच भाषेत समजावणारा कर्मचारी पथकाला मिळाला. दुसरी, उड्या आणि कसरतींसाठी टेरेन पार्क हा स्वतंत्र भाग राखण्यात आला. गर्दीच्या मार्गावर स्वतःच्या उड्या रचण्याचे प्रमाण त्यामुळे घटले. तिसरी, नवशिक्यांच्या व कुटुंबांच्या मार्गांवर वेगमर्यादेचे फलक लावून ते सर्वांनाच सारखे लागू करण्यात आले.

इटलीने निराळा मार्ग पत्करला. तेथे उतारांवर पोलीस व काराबिनिएरी दलाचे जवान गस्त घालतात आणि डिसेंबर २००३ मध्ये संमत झालेला स्की सुरक्षेचा कायदा स्नोबोर्डपटूंनाही लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांना त्याद्वारे हेल्मेट सक्तीचे झाले. २०२२ पासून उत्तरदायित्वाचा विमा अनिवार्य करण्यात आला, तर २०२५-२६ च्या हंगामापासून सर्व वयोगटांना हेल्मेटची सक्ती आहे. दंड करणारा अधिकारी केंद्राचा नोकर नसल्याने तेथे वादाचे स्वरूपही बदलते.

गुलमर्गचा संदर्भ

गुलमर्ग येथील गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा टप्पा २००५ साली कार्यान्वित झाला. दुसऱ्या टप्प्यामुळे अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९८० मीटर उंचीवर पोहोचता येते. येथील खोल बर्फासाठी जगभरातून स्नोबोर्डपटू येतात. २०२० पासून येथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा भरवल्या जात असून स्नोबोर्डचा त्यात समावेश आहे.

मात्र, गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असलेला भाग मर्यादित आहे. गोंडोलाने वर पोहोचल्यावर थोडे बाजूला गेले की, नियंत्रणाबाहेरचा प्रदेश सुरू होतो. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात पोलंडच्या दोन नागरिकांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेच एका रशियन नागरिकाचा बळी गेला. लष्कर व प्रशासनाच्या पथकांनी इतरांची सुटका केली. अमेरिकेत ‘आम्हाला आत येऊ द्या’ हा प्रश्न होता. गुलमर्गमध्ये ‘येथून पुढे जाऊ नका’ हे ऐकले जाईल काय, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्रासह देशभरातून गुलमर्गला जाणाऱ्या आणि तेथे प्रथमच फळीवर पाय ठेवणाऱ्या हौशी पर्यटकांनी म्हणूनच काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुसरा टप्पा बंद असल्यास तो हिमस्खलनाच्या इशाऱ्यामुळे बंद असू शकतो. अशा वेळी पायी वर चढून जाऊ नये. देखरेखीखालील हद्द सोडायची असल्यास स्थानिक वाटाड्या, हिमस्खलनातील शोधासाठी वापरायचा बीकन, फावडे व सळई सोबत असावी आणि त्यांचा वापर येत असावा. उतारावर बसायचे असल्यास कडेला बसावे आणि निघण्यापूर्वी वर पाहावे.

चार दशकांच्या या वादातून एक बाब स्पष्ट होते. माणसाकडे पाहून केलेला नियम फार काळ टिकला नाही किंवा टिकला तेथे कटुता मागे ठेवून टिकला. बर्फाकडे पाहून केलेला नियम मात्र स्कीपटूलाही पटला आणि स्नोबोर्डपटूलाही. पथकाने नियमामागील कारण सांगावे आणि खेळाडूने दोरामागील धोका ओळखावा, एवढी अपेक्षा दोन्ही बाजूंकडून पूर्ण झाली, तर उतार दोघांनाही पुरेसा रुंद आहे.